हलवायाच्या घरावर तुळशीपत्र

महानगरपालिकांची अंदाजपत्रके सभागृहापुढे येतात तेव्हा पाणी, गटारे आणि रस्ते यांवर बोलून सभासदांचे घसे कोरडे होतात, आणि ते योग्यच आहे. परंतु त्याच जाडजूड ग्रंथात कोठेतरी मागल्या पानांवर ‘क्रीडांगणे व स्टेडियम : देखभाल-दुरुस्ती’ असे एक निरुपद्रवी दिसणारे शीर्षक दडलेले असते आणि त्याच्यापुढील आकडा कोणाच्याही भुवया न उंचावता मंजूर होऊन जातो. ज्या नगरपित्यांस त्या आकड्याचे मर्म ठाऊक असते ते बोलत नाहीत. जे बोलले असते त्यांस ते ठाऊक नसते. हा आकडा घरपट्टी भरणाऱ्याच्या खिशातून येतो. तो कोणासाठी खर्च होतो, हा प्रश्न आज आम्ही विचारणार आहोत. तो विचारल्याबद्दल क्रीडाद्वेष्टे म्हणून आमची संभावना झाली, तरी आम्हांस तिची पर्वा नाही.

प्रारंभीच एक गोष्ट स्वच्छपणे सांगितली पाहिजे. शहराच्या मालकीचे मैदान शहराच्या करातून जगवावे, याच मताचे आम्ही आहोत. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेस जी बारावी अनुसूची जोडली, तिच्यात उद्याने, बागा आणि क्रीडांगणे यांची तरतूद हे नागरी संस्थांचे काम म्हणून नोंदलेले आहे. तथापि प्रत्यक्ष कायदा पाहा. महाराष्ट्राचा १९४९ चा महानगरपालिका कायदा घ्या किंवा कर्नाटकाचा १९७६ चा. दोहोंत पालिकेच्या कामांचे दोन वर्ग पाडलेले आहेत, एक बंधनकारक आणि दुसरा ऐच्छिक. पिण्याचे पाणी, सफाई आणि दिवाबत्ती पहिल्या वर्गात बसतात. स्टेडियमला तेथे जागा नाही. ही उतरंड कायद्याने लावलेली आहे, आमच्या लहरीने नव्हे. आणि म्हणूनच ऐच्छिक कामावर पडणाऱ्या रुपयाने आपला हिशेब अधिक काटेकोरपणे दिला पाहिजे. तो रुपया पेठेतल्या पोराच्या पायाखालच्या मातीवर पडला तर आमचा शब्दही निघणार नाही. परंतु तो पाहुण्यांच्या जत्रेसाठी पडला आणि जत्रेची सारी कमाई पाहुणे गाठोड्यात बांधून घेऊन गेले, तर हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवण्याचाच तो प्रकार होय. आणि येथे हलवाई म्हणजे तुम्ही-आम्ही आहोत.

पुण्याचे नेहरू स्टेडियम पाहा. आपल्या सीमाभागातील शेकडो तरुण शिक्षणासाठी वा नोकरीसाठी पुण्याची वाट धरतात. त्यांना स्वारगेटच्या एस. टी. स्थानकापासून हाकेच्या अंतरावर असलेली ती वास्तू परिचयाची आहे. ती पुणे महानगरपालिकेच्या मालकीची आहे. ५ डिसेंबर १९८४ रोजी तेथे भारत आणि इंग्लंड यांचा एकदिवसीय सामना झाला. १९८७ च्या विश्वचषकातील एक सामना तेथे झाला. आणि २९ फेब्रुवारी १९९६ रोजी तेथे जे घडले ते क्रिकेटच्या इतिहासात कायमचे नोंदले गेले आहे : केनियासारख्या नवख्या संघाने अवघ्या १६६ धावा काढल्या आणि बलाढ्य वेस्ट इंडीजला ९३ धावांत गुंडाळून टाकले. पुण्याच्या करदात्याने राखलेल्या गवतावर हा पराक्रम झाला, याचा अभिमान कोणास वाटणार नाही?

परंतु ३ नोव्हेंबर २००५ च्या भारत-श्रीलंका सामन्यानंतर आंतरराष्ट्रीय क्रिकेटने त्या स्टेडियमकडे पाठ फिरवली ती कायमची. महापालिका आणि महाराष्ट्र क्रिकेट संघटना यांचे तिकिटांच्या आणि पासांच्या वाटपावरून बिनसले. संघटनेने शहराबाहेर, मुंबई-पुणे द्रुतगती मार्गालगत गहुंजे येथे स्वतःचे नवे स्टेडियम उभारले आणि २०१२ साली ते सुरू झाले. वाचकहो, कारण पुन्हा एकदा वाचा. मैदानाचा निचरा बिघडला, प्रेक्षागृहाला तडे गेले, खेळाडूंची सोय होईना, अशा कोणत्याही कारणाने हे भांडण पेटले नव्हते. ते पेटले खुर्च्यांवरून, आणि त्यातही फुकटच्या खुर्च्यांवरून! यात आम्ही संघटनेला जितका दोष देतो तितकाच महापालिकेलाही देतो. मालकाने पाहुण्याकडे मागायचे ते भाडे, दुरुस्तीचा वाटा, शाळकरी मुलांसाठी वर्षातले राखीव दिवस. हे सोडून मालक जर ‘आमच्या माणसांना पास किती?’ एवढ्याच प्रश्नावर हातघाईला आला, तर पाहुण्याला त्याची किंमत कळून चुकते. रुसून निघून गेलेल्या पाहुण्याचे काही बिघडले नाही. मागे उरले ते शहर, शहराचे रिकामे प्रेक्षागृह आणि त्या प्रेक्षागृहाच्या डागडुजीचे दरवर्षीचे बिल.

हा रोग पुण्यात उपजला असे मात्र कोणी समजू नये. मुंबईत ब्रेबोर्न स्टेडियमचे मालक असलेला क्रिकेट क्लब आणि मुंबईची क्रिकेट संघटना यांचे तिकिटांवरूनच भांडण झाले आणि त्यातून १९७४ च्या सुमारास हाकेच्या अंतरावर वानखेडे स्टेडियम उभे राहिले. तो दोन संस्थांमधला वाद होता, कोणत्याही नगरपालिकेला त्याची झळ थेट पोहोचली नाही, हा फरक आम्ही मान्य करतो. परंतु रुसवा पासांचा आणि त्याचे प्रायश्चित्त सिमेंटचे, ही परंपरा तेथून चालत आलेली आहे.

आता इंदूरकडे वळू. होळकरांच्या त्या नगरीतील मराठी वाचक नेहरू स्टेडियमची आठवण आजही सांगतात, आणि सांगावी अशीच ती आहे. ३१ मार्च २००१ रोजी ऑस्ट्रेलियाविरुद्ध खेळताना सचिन तेंडुलकरने एकदिवसीय सामन्यांतील दहा हजार धावांचा टप्पा याच मैदानावर ओलांडला. जगात तो गाठणारा तो पहिला. पण याच मैदानाची दुसरीही एक नोंद आहे. २५ डिसेंबर १९९७ रोजी भारत-श्रीलंका सामना तीन षटकांनंतर थांबवावा लागला, कारण खेळपट्टी फलंदाजांच्या जिवावर उठली होती. खेळपट्टी राखणे हे किती नाजूक आणि किती अखंड चालणारे काम आहे, हे त्या तीन षटकांनी जगाला शिकवले. पुढे २००६ पासून आंतरराष्ट्रीय सामने मध्य प्रदेश क्रिकेट संघटनेच्या स्वतःच्या मैदानावर होऊ लागले. आज ते होळकर स्टेडियम म्हणून ओळखले जाते. महापालिकेच्या नेहरू स्टेडियमच्या वाट्याला निवडणुकीची मतमोजणी आली. आणि गंमत अशी की पासांचे भूत नव्या घरातही पाठलाग करीत आलेच : २०१८ च्या ऑक्टोबरात इंदूरला ठरलेला भारत-वेस्ट इंडीज सामना फुकट पासांच्या वाटणीवरून संघटना आणि नियामक मंडळ यांच्यात वाद झाल्यामुळे विशाखापट्टणमला हलवावा लागला. तेथे महापालिका मध्ये नव्हती. म्हणजे दोष केवळ नगरपित्यांच्या हावरटपणाचा नाही, हेही आम्ही न्यायाने नमूद करतो.

पुणे काय किंवा इंदूर काय, दोन्हीकडे एकच क्रम दिसतो. शहर आपल्या पैशाने मैदान घडवते. मोठा खेळ तेथे येतो, नाव कमावतो, पैसा कमावतो, आणि पुरेसा पैसा गाठीला आला की स्वतःचा वाडा बांधून निघून जातो. तो नांदत असतानाही आपण त्याच्याकडे पुरते भाडे मागितले नाही आणि गेल्यावर तर मागण्याचा प्रश्नच उरला नाही. याला भोळेपणा म्हणावे की अव्यवहार?

स्टेडियम बांधणे हा एक दिवसाचा समारंभ असतो. ते राखणे हा रोजचा संसार असतो. कोनशिलेवर मंत्र्यांची नावे कोरली जातात, तुंबलेली मोरी उपसणाऱ्याचे नाव आजवर कोणत्याही शिळेवर आम्ही पाहिलेले नाही. बांधकामासाठी पैसा मिळवणे आपल्या देशात तुलनेने सोपे आहे. राज्याच्या क्रीडासंकुल योजना आहेत, केंद्राची ‘खेलो इंडिया’ आहे, खासदार-आमदार निधी आहे, काही शहरांत ‘स्मार्ट सिटी’चा पैसाही या कामी लागला. ही सारी भांडवली मदत. फीत कापली गेली, छायाचित्रे निघाली, की देणारे आपल्या मार्गाने जातात. आणि दुसऱ्या दिवसापासून जो महसुली खर्च सुरू होतो तो मुकाट्याने नगरपालिकेच्या अंगावर येतो. दारात आणून बांधलेला हत्ती फुकट असतो. त्याचा चारा फुकट नसतो.

हा चारा कशाकशाला लागतो ते जाणून घेतल्यावाचून करदात्याला आपली बाजू मांडता येणार नाही, म्हणून थोडा तपशील देतो. क्रिकेटची खेळपट्टी चिकणमातीची असते. ती भिजवणे, वाळू देणे आणि पुन्हापुन्हा रोलर फिरवून घट्ट करणे हे जाणत्या माणसाचे काम आहे आणि ते सामन्याच्या आदल्या दिवशी उरकत नाही. गवताला उन्हाळाभर पाणी लागते, त्याच महिन्यांत पेठांमधल्या नळांना ते येत नसते. मैदानाखालच्या निचऱ्याच्या नळ्या गाळाने भरतात, आणि त्या भरल्या आहेत हे पहिल्या मोठ्या पावसात तळे साचल्यावरच कळते. धावण्याची कृत्रिम पट्टी किंवा हॉकीचे कृत्रिम गवत साधारणपणे आठ-दहा वर्षांत झिजते आणि मग पूर्ण बदलावे लागते. ती रक्कम त्या वर्षीच्या अंदाजपत्रकात कोठून आणायची याचा विचार ते अंथरताना कोणीही केलेला नसतो. प्रकाशझोताचे मनोरे उभारले की वीजमंडळाशी मोठा भार मंजूर करून घ्यावा लागतो, आणि दिवे वर्षातून चार रात्री लागले तरी त्या भाराचा स्थिर आकार बाराही महिने भरावा लागतो.

सर्वांत घातक प्रकरण प्रेक्षागृहाचे. उघड्यावरच्या पायऱ्यांवर वर्षानुवर्षे पाऊस पडतो, सांध्यांतून पाणी आत मुरते, आतल्या लोखंडी सळ्यांना गंज चढतो. गंज लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो. तो फुगला की वरचे सिमेंट तडकते आणि त्याचे पापुद्रे खाली बसलेल्या माणसाच्या डोक्यावर सुटतात. वेळच्या वेळी सांधे भरले आणि छपराचे पाणी वाहते ठेवले तर हे टळते. तेवढ्या कामाला फार पैसा लागत नाही. परंतु फार पैसा लागत नाही अशा कामात कोणालाच रस नसतो! मग दहा-पंधरा वर्षे ते दुर्लक्षित राहते, एके दिवशी तपासणीचा अहवाल इमारत धोकादायक ठरवतो, आणि जेथे हजारांत भागले असते तेथे कोटींची निविदा निघते. देखभालीचा पैसा वाचवणारी नगरपालिका वस्तुतः काहीही वाचवत नाही. ती फक्त आपले कर्ज पुढल्या पिढीच्या नावावर चढवते. म्हणून ‘स्टेडियमवर एक पैही खर्चू नका’ असे म्हणणाऱ्या पक्षाशी आमचे जमत नाही. ज्यांना ते नकोच असेल त्यांनी ते पाडण्याचा ठराव मांडावा. उभे ठेवायचे पण राखायचे नाही, हा व्यवहार जीवघेणा आहे.

मग प्रश्न राहतो तो चारा कोणी द्यायचा हा.

येथे करांची जी विलक्षण व्यवस्था आहे ती वाचकांनी ध्यानात घ्यावी. आय. पी. एल. सामन्याच्या तिकिटावर वस्तू व सेवा कर पूर्वी २८ टक्के होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. हजार रुपयांच्या तिकिटावर चारशे रुपये कर! हे चारशे रुपये केंद्र आणि राज्य वाटून घेतात. ज्या नगरीत सामना होतो, जिच्या रस्त्यांवर त्या रात्री गाड्यांची रीघ लागते, जिचे झाडूवाले दुसऱ्या दिवशी पहाटे बाटल्या आणि कागद गोळा करतात, तिच्या तिजोरीत त्यातला रुपयाही थेट पडत नाही. पूर्वी करमणूक कर होता. तो २०१७ साली या नव्या करात विलीन झाला. परंतु येथेच एक बारकावा आहे : २०१६ च्या एकशे एकाव्या घटनादुरुस्तीने करमणुकीवर कर बसवण्याचा अधिकार पंचायती आणि नगरपालिका यांच्यापुरता शाबूत ठेवलेला आहे. राज्याने तसा कायदा करून दिला की पालिकेला तो वसूल करता येतो. तामिळनाडूने २०१७ सालीच तो केला. जेथे नगरपालिका पैशाच्या नावाने टाहो फोडतात, तेथील विधिमंडळांच्या सभासदांना या तरतुदीची आठवण कोण करून देणार?

दुसऱ्या पारड्यात काय आहे तेही पाहा. आय. पी. एल. चे प्रक्षेपण-हक्क २०२३ ते २०२७ या पाच वर्षांसाठी ४८,३९० कोटी रुपयांना विकले गेले. एवढ्या श्रीमंत खेळाला पोलीस बंदोबस्ताचा आकार जड वाटतो अशी कल्पना महाराष्ट्र शासनाने २०२३ साली करून घेतली आणि तो आकार कमी केला. कमी केला तो पुढे होणाऱ्या सामन्यांपुरता नव्हे, तर २०११ पासून मागील तारखेने! मुंबई पोलिसांची कोट्यवधींची बाकी तेव्हा थकलेलीच होती. २०२४ साली मुंबई उच्च न्यायालयाने या उदारपणाबद्दल शासनाला जाब विचारला. घरपट्टीचा हप्ता चुकला तर सामान्य गृहस्थाला दंड बसतो, दारावर नोटीस चिकटते. त्याच्यासाठी मागील तारखेची सूट कोणी काढल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

पाण्याचेही तेच. २०१६ च्या दुष्काळात मुंबई उच्च न्यायालयाला सांगावे लागले, की एप्रिलनंतरचे आय. पी. एल. सामने महाराष्ट्राबाहेर न्या. २०१८ साली गहुंजेच्या मैदानाला पवना धरणाचे पाणी देण्यास त्याच न्यायालयाने मनाई केली. लोकप्रतिनिधींनी सभागृहात म्हणायला हवे होते ते न्यायमूर्तींना न्यायासनावरून म्हणावे लागले.

आमच्या या म्हणण्यावर एक उत्तर हमखास येते : ‘तुम्ही जुन्या विचारांचे, परदेशांत तर सरकारेच स्टेडियम बांधतात आणि राखतात.’ परदेशांचा दाखला देणाऱ्यांनी तो पुरा द्यावा. २०१२ च्या ऑलिंपिकसाठी लंडनने सार्वजनिक पैशातून स्टेडियम बांधले. खेळ संपल्यावर ३२ कोटी ३० लक्ष पौंड खर्चून त्याचे रूप पालटले आणि २०१६ पासून ते वेस्ट हॅम या व्यावसायिक फुटबॉल क्लबाला नव्व्याण्णव वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिले. मूळ भाडे वर्षाला अवघे २५ लक्ष पौंड. करार उघड झाला तेव्हा लोकांना कळले की सामन्यासाठी लागणारे गोलचे खांब आणि कोपऱ्यांवरची निशाणे यांचाही खर्च करदात्याच्याच माथी आहे! त्या व्यवहारात भागीदार झालेल्या न्यूहॅम या लंडनमधील गरीब भागाच्या पालिकेने ५ कोटी २० लक्ष पौंड बुडीत खाती घातले. अमेरिकेतील सिनसिनाटीचा हॅमिल्टन परगणा याहून पुढे गेला. तेथे १९९६ साली मतदारांनी विक्रीकर अर्ध्या टक्क्याने वाढवून दोन व्यावसायिक संघांसाठी दोन स्टेडियम बांधून देण्यास कौल दिला. त्या बदल्यात घरमालकांच्या करात सूट मिळेल असे आश्वासन होते. फुटबॉल संघाशी झालेल्या करारात स्टेडियम सदैव अद्ययावत ठेवण्याचा भार परगण्याने पत्करला, आणि त्यात तेव्हा अस्तित्वातही न आलेल्या यंत्रसामग्रीचा समावेश होता. पुढे पैसा पुरेना, तेव्हा घरमालकांची सूट छाटली गेली आणि परगण्याचे सार्वजनिक रुग्णालय विकले गेले. परदेशचा आदर्श हवा असेल तर तो हा आहे. पदरात घ्यायचा की नाही ते ज्याचे त्याने ठरवावे.

दुसरा एक पक्ष नेमके उलटे बोलतो. स्टेडियमने आपले पोट आपणच भरावे, असे त्याचे म्हणणे. भरवा प्रदर्शने, लावा लग्ने, द्या कोणा खाजगी मक्तेदाराला तीस वर्षांच्या करारावर! ऐकायला हे व्यवहारी वाटते. परंतु ज्या मैदानावर मांडवाचे खांब रोवले जातात आणि जेवणावळी उठतात, त्या मैदानावर पुढचे दोन महिने कोणी धावू शकत नाही. धाव घेणाऱ्या मुलाचा पाय खड्ड्यात मुरगळला, तर मांडववाल्याने भरलेल्या भाड्यातून त्याच्या पायाचे प्लास्टर होत नसते. आणि मक्तेदार आला की पहिल्याच महिन्यात फाटकावर दरपत्रक लागते. वाचनालयाने आपले पोट आपण भरावे असे आपण म्हणत नाही. मग ज्या मैदानाने पेठेतल्या पोरांना सायंकाळचे दोन तास गुत्त्यापासून आणि नाक्यापासून दूर ठेवले, त्यानेच काय पाप केले आहे?

सार्वजनिक जागेला सार्वजनिक उपयोग आहेत, हे २०२० साली साऱ्यांनी पाहिले. करोनाच्या साथीत रुग्णांना खाटा मिळेनात, तेव्हा पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या अण्णासाहेब मगर स्टेडियमच्या जागेवर मोठे तात्पुरते रुग्णालय उभे राहिले. ती जागा तीस वर्षांच्या करारावर कोणा मक्तेदाराच्या हाती असती तर? साथीच्या धामधुमीत पालिकेला आधी भाडेकराराची कलमे वाचावी लागली असती.

परंतु सार्वजनिक मालकी म्हणजे साहेबांची मालकी, असा अर्थ लावणाऱ्यांचीही या देशात वाण नाही. २०२१ च्या जूनमध्ये बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडासंकुलात बैठकीला आलेल्या बड्या मंडळींच्या मोटारी खेळाडूंच्या धावपट्टीवर उभ्या राहिल्या. २०२२ साली दिल्लीच्या त्यागराज स्टेडियममधून खेळाडूंना संध्याकाळी सातच्या सुमारास बाहेर काढले जाई, कारण एका सनदी अधिकाऱ्याला तेथे आपल्या कुत्र्यासह फिरायचे असे. हे वृत्तपत्रात छापून आले तेव्हा त्याची लडाखला बदली झाली. ही दोन्ही मैदाने राज्य सरकारांची, पालिकांची नव्हेत. पण वृत्ती तीच. ज्याने कर भरला त्याचे पोर फाटकाबाहेर, आणि ज्याच्या हाती किल्ली त्याचा कुत्रा आत! पालिकेच्या मैदानांत कुत्रा नसेल कदाचित. पण ‘आज सराव बंद, साहेबांचा कार्यक्रम आहे’ ही पाटी कोणत्या गावच्या मुलाने वाचलेली नाही?

आमचे मागणे त्यामुळे ‘खर्च करा’ किंवा ‘खर्च थांबवा’ असे एका शब्दाचे नाही. स्टेडियमचा खर्च पालिकेच्या सर्वसाधारण खर्चात न बुडवता त्याचे खाते स्वतंत्र असावे. पायऱ्यांखाली काढलेल्या गाळ्यांचे भाडे आज बहुधा पालिकेच्या सामान्य उत्पन्नात मिसळून नाहीसे होते. ते या खात्यात जमा व्हावे आणि वर्षानुवर्षे न वाढलेली ती भाडी बाजारभावाशी ताडून पाहावीत. त्या खात्यातील ठराविक हिस्सा दरवर्षी बाजूला पडला, तर धावपट्टी किंवा छप्पर बदलण्याच्या वर्षी राज्याच्या दारात हात पसरावा लागणार नाही. तिकीट लावून सामना किंवा जलसा करणाऱ्याकडून त्या दिवसाचा पुरता खर्च घ्यावा, आणि वर झिजेचा वाटा. सवलत द्यायचीच असेल तर ती सभागृहात नावानिशी ठराव करून द्यावी, म्हणजे कोणी कोणाला काय दिले हे लोकांना कळेल. शाळांचे संघ, तालमी, गल्लीतली मंडळे यांना मात्र मैदान नाममात्र शुल्कात मिळावे; करदात्याने त्यांच्यासाठीच तर पैसे भरले आहेत.

आणि पास? नगरसेवकांच्या फुकट पासांची प्रथा एका ठरावाने बंद करावी. मैदानाच्या मालकाला म्हणून काही खुर्च्या मिळायच्याच असतील, तर त्या वर्षभर त्याच मैदानावर सराव करणाऱ्या मुलामुलींना आणि ते मैदान राखणाऱ्या माळ्यांना द्याव्यात. हे माळी अनेक ठिकाणी कंत्राटदाराच्या हाताखाली, पगाराच्या तारखेची शाश्वती नसताना राबतात. खेळपट्टी कशी वागेल हे समालोचकाआधी ज्याला कळते, त्या माणसाला सामना भिंतीपलीकडून ऐकावा लागू नये, एवढे तरी आपण करू शकतो.

हे सारे सभागृहात कोणीतरी विचारल्यावाचून होणार नाही, आणि सभासद आपण होऊन विचारतील असा आमचा अनुभव नाही. तेव्हा ज्यांच्या नावे घरपट्टीचे बिल निघते त्यांनीच लेखणी उचलावी. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली दहा रुपये शुल्क भरून केलेल्या अर्जाला तीस दिवसांत उत्तर देणे पालिकेवर बंधनकारक आहे. आपल्या गावचे पालिकेचे स्टेडियम वा क्रीडांगण गेल्या वर्षी किती दिवस कोणाकोणाला दिले, प्रत्येकाकडून किती भाडे आले, गाळ्यांचे किती जमले, देखभालीवर प्रत्यक्ष काय खर्च झाले, आणि खेळणाऱ्या मुलांसाठी फाटक सकाळी व संध्याकाळी किती वाजता उघडते, एवढेच विचारावे. आलेली उत्तरे आमच्या कार्यालयात पोहोचवावीत. गावाच्या नावासह ती याच पानावर आम्ही छापू.